काचेच्या खोलीत शिरण्याआधी: व्हीलहाउसवाली जुनी शिडाची होडी कशी निवडावी

माझा धंदा फायबरग्लासच्या टाक्यांचा. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत आम्ही ॲसिड साठवायच्या टाक्या करतो, आणि आजोळ दाभोळचं असल्यामुळे होड्यांचं वेड लहानपणापासूनचं. टाकी काय आणि होडी काय, माल एकच: काचतंतू आणि रेझिन. म्हणून बडोद्यात ओळखीपाळखीत कोणाला जुनी शिडाची होडी घ्यायची असली की मला बोलावणं येतं. बऱ्याच जणांना व्हीलहाउसवाली हवी असते, म्हणजे सुकाणूवर छप्पर आणि भोवती काचा. मागणी रास्त आहे. आपल्या उन्हात दिवसभर उघड्यावर सुकाणू धरणं सोपं नाही, आणि घरची म्हातारी माणसं, मुलं बरोबर यायची तर सावली हवीच. पण गिऱ्हाईक त्या काचेच्या खोलीत शिरतं, चाक हातात घेतं आणि मनातल्या मनात सौदा करून मोकळं होतं. तसं करू नका. व्हीलहाउस सगळ्यात शेवटी बघा.

अशा होड्यांचा घाट मूळचा उत्तर युरोपातला. इंग्लंडच्या फिशर २५ आणि फिशर ३०, फिनलंडची नॉटिकॅट ३३ या त्यांतल्या नावाजलेल्या. थंडीपावसात आत बसून होडी हाकता यावी हा त्यांचा हेतू. छप्पर आलं की शिडाखालचा आडवा दांडा वर सरकतो, शीड लहान होतं, वजन वाढतं आणि वाऱ्याला अडणारी भिंतही उभी राहते. त्यामुळे मंद वाऱ्यात या होड्या जागच्या हलत नाहीत. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून छान वारा येतो, पण सकाळचा प्रवास बहुतेक इंजिनावरच होईल हे धरून चाला. ज्याला निव्वळ शिडाचा आनंद हवा आहे त्याने उघडी होडी घ्यावी, हे मी स्पष्ट सांगतो. वेगाच्या गप्पांवरही विश्वास ठेवू नका. पाण्यालगतची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ने गुणा. २० फुटांच्या लांबीला साधारण ६ नॉट येतात, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. अशी जड होडी त्यापलीकडे पळत नाही.

होडी बघायला निघण्याआधी ती ठेवणार कुठे हे ठरवा, कारण तळाचा आकार त्यावर ठरतो. आपल्यापैकी बहुतेकांनी कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ पाहिलं आहे. भरतीला पिंडी पाण्याखाली जाते आणि ओहोटीला नजर पोचेल तिथपर्यंत चिखल उघडा पडतो. खंबातच्या आखाताची भरती-ओहोटी जगातल्या मोठ्यांपैकी आहे. भावनगर बंदराला पाणी अडवून धरायला लॉकगेट बांधावं लागलं ते उगाच नाही. कील म्हणजे तळाखाली पाण्यात उतरणारा जड पाता. तिथे खोल, अरुंद कीलची होडी ओहोटीला आडवी पडेल. दोन बाजूंना दोन कील असलेली होडी चिखलावर सरळ बसते. कोकणातल्या खाड्यांत भरतीचा फरक बराच कमी आहे, पण तिथेही तोंडाशी वाळूचे दांडे असतात. म्हणून माझी पसंती दोन कीलना, नाहीतर नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, सुकाणूपर्यंत जाणाऱ्या लांब, उथळ कीलला. अशी होडी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चढायला आळशी असते, ते पत्करावं.

आता तळ. होडी पाण्याबाहेर काढलेली असतानाच बघा. पावसाळ्यात आपल्याकडे होड्या वर ओढलेल्या असतात, त्यामुळे पाऊस सरत आला की जाणं उत्तम. छोटी प्लॅस्टिकची हातोडी घ्या आणि मडकं घेताना वाजवतो तसा सगळा तळ वीत-वीत अंतरावर वाजवत जा. खणखणीत आवाज एकदम बद्द झाला तर तिथे थर सुटले आहेत किंवा आत पाणी आहे. खडूने खूण करा. रंगावर फोड असतील तर मालकाच्या परवानगीने एखादा फोडून वास घ्या, पण चष्मा घालून, कारण आतला द्रव दाबाने उडतो. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर रेझिनमध्ये पाणी मुरलं आहे. वरवरचे थोडे फोड असतील तर भाव कमी करून घ्यावा, घाबरू नये; ते खरवडून, वाळवून दुरुस्त होतात. भरपूर असतील आणि बोटाने दाबल्यावर खालचे तंतू मऊ लागत असतील तर परत फिरा. ओलावा मोजायचं यंत्र होडी वर काढल्या-काढल्या लावण्यात अर्थ नाही, काही दिवस वाळू द्या. आणि विक्रीच्या तोंडावर तळाला नवाकोरा रंग दिला असेल तर त्याखाली काय आहे ते विचाराच. कील बोल्टांनी जोडलेली असेल तर सांध्यावर गंजाचे ओघळ शोधा.

मग डेकवर चढा. बऱ्याच डेकच्या पोटात बाल्सा हे हलकं लाकूड किंवा प्लायवूड असतं. टाचेने दाबत चाला. जिथे दबेल तिथे लाकूड कुजलं आहे, आणि ही दुरुस्ती तळाच्या फोडांपेक्षा महाग पडते. अशी कूज हमखास सुरू होते ती व्हीलहाउसच्या पायथ्याशी आणि छपरात, जिथे अँटेना आणि दिव्यांसाठी भोकं पाडलेली असतात.

आता खोलीत शिरा. खिडक्यांच्या चौकटींभोवती सिलिकॉनचे थरावर थर दिसले तर गळतीवर ठिगळं लावून दिवस ढकलले आहेत. खिडकीखालचं प्लाय काळं पडलंय का, गादीचा कोपरा कुबट येतोय का, ते बघा. काच असली तर ती टफन्ड हवी. ॲक्रिलिक असेल तर उन्हाने त्यात केसासारख्या चिरा पडतात आणि मावळतीला समोरचं काही दिसत नाही. खिडक्या उघडतात ना? थंड देशातल्या कित्येक होड्यांत त्या बंदच असतात, आणि एप्रिलमध्ये आत बसवत नाही. चाकाशी बसून पुढे, मागे आणि छपरातून शिडाच्या टोकापर्यंत दिसतं का हे स्वतः पाहा. ज्याला होडी चालवायची त्याच्याच उंचीचा माणूस बसवा. बाहेर, मोकळ्यावर दुसरं सुकाणू नसलेली होडी मी कोणालाच सुचवत नाही. धक्क्याला लावताना आणि वाऱ्याचा अंदाज घेताना माणूस बाहेर हवा. हायड्रॉलिक सुकाणू असेल तर ते निकामी झाल्यावर लावायचा आपत्कालीन दांडा कुठे आहे ते विचारा आणि तिथल्या तिथे बसवून दाखवायला सांगा.

इंजिन बहुधा पायाखालीच असतं. फळी उचलून सगळीकडे हात पोचतो का बघा, विशेषतः पाण्याच्या पंपापर्यंत. इंजिन थंड असतानाच सुरू करून घ्या. मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. धूर काळा असेल तर इंजिनावर भार जास्त आहे, निळा असेल तर ऑइल जळतंय, पांढरा राहिला तर इंधन नीट जळत नाही किंवा थंड करणारं पाणी आत शिरतंय. ऑइल दुधाळ दिसलं तर तिथेच थांबा. समुद्रात नेऊन पूर्ण वेगाने दहा मिनिटं चालवा आणि तापमापकावर नजर ठेवा.

डोलकाठीच्या तारा दहा-पंधरा वर्षांच्या असतील तर दिसायला कितीही चकचकीत असल्या तरी बदलायचा खर्च धरा. कागदपत्रांत नोंदणी आणि विक्रेत्याचं नाव जुळलं पाहिजे. परदेशी खलाशी सोडून गेलेली होडी कोचीला, गोव्याला कधीकधी स्वस्तात मिळते, पण कस्टम्सचं बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कागद, दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

शिवाय पैशातला तिसरा हिस्सा होडी घेतल्यानंतरसाठी राखून ठेवा. त्यातला थोडा भावनगरजवळच्या अलंगला वाचेल. जहाजं तोडायचं काम तिथे १९८३पासून चालू आहे, आणि रस्त्यालगतच्या दुकानांत शॅकल (साखळी-दोर जोडायच्या लोखंडी कड्या), दोर, दिवे, पितळी झरोके मिळतात. नांगराची साखळी मात्र मापाने घ्या, मोठ्या जहाजाची साखळी आपल्या होडीची नाळ खाली ओढेल. लाइफजॅकेट आणि फ्लेअर (संकटात पेटवायचे इशाऱ्याचे दिवे) तिथून घेऊ नका. ते नवेच घ्या, तारीख वाचून.