डीएनए ओरिगामीची घडी बसत नाहीये? या चुका टाळा

डीएनए ओरिगामी, म्हणजे डीएनएच्या धाग्याला घडी घालून घडवलेला नॅनो आकार, आपोआप जुळते, पण त्या ‘आपोआप’वर विसंबूनच सुरुवातीचे प्रयोग वाया जातात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक संस्थेच्या पॉल रोथमंड यांनी एम१३ विषाणूचा सुमारे ७,००० बेसचा (डीएनएच्या ‘अक्षरांचा’) लांब डीएनए धागा दोनशेहून अधिक छोट्या धाग्यांनी, म्हणजे स्टेपल्सनी, बांधून सुमारे १०० नॅनोमीटरचा हसरा चेहरा घडवला. कृती साधीच वाटते: सगळं एका नळीत घाला, तापवा, थंड करा.

बिघडलं की सगळे आधी डिझाइनला दोष देतात. मी आधी मॅग्नेशियम बघायला सांगेन. डीएनएचा कणा ऋणभारित, त्यामुळे शेजारशेजारचे डीएनएचे पीळ एकमेकांना दूर ढकलतात. मॅग्नेशियमचे आयन मध्ये आले की ते जवळ नांदतात. सपाट आकारांसाठी १२.५ मिलीमोलर हे नेहमीचं प्रमाण. इथेच घात होतो: स्टेपल्स ज्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) विरघळवले त्यातलं ईडीटीए हे रसायन मॅग्नेशियम धरून ठेवतं. म्हणजे मॅग्नेशियमचं मीठ मोजून घातलेलं असतं, पण डीएनएच्या वाट्याला कमी येतं. ईडीटीएचा हिशोब लावूनच मॅग्नेशियम घाला. घडी बसली का हे तपासायला रचना विजेच्या जोरावर जेलमधून सरकवतात; त्या जेलमध्ये आणि जेल चालवायच्या बफरमध्येही मॅग्नेशियम हवं, आणि जेलची टाकी बर्फात ठेवा. नाहीतर नीट बसलेली घडी जेलमध्येच उसवते.

जेल नीट वाचा. पट्टी धारदार असेल तर घडी बसली आहे. खाली लांबट धूसर ओघळ दिसला तर अर्धवट घड्या आहेत. सगळा उजेड (चमकणारा रंगवलेला डीएनए) नमुना घातला त्या खाचेतच अडकला असेल तर गुठळ्या झाल्यात. बहुधा आकारांच्या उघड्या कडा एकमेकींना चिकटल्या आहेत. कडेचे स्टेपल्स काढा किंवा त्यांना थायमिनच्या (डीएनएमधल्या ‘टी’ बेसच्या) शेपट्या जोडा.

स्टेपल्स लांब धाग्याच्या पाच ते दहा पट घ्या. थंड करताना घाई नको: सपाट आकाराला तास-दोन तास पुरतात, जाड त्रिमितीय आकाराला कधी कधी काही दिवस लागतात.

आणि औषध वाहून नेणारी डबी बनवणाऱ्यांनो, नळीतल्या यशावर थांबू नका. रक्तात मॅग्नेशियम १ मिलीमोलरच्या आसपासच असतं, शिवाय डीएनए कुरतडणारी विकरं असतात. रचना सीरममध्ये (रक्तातल्या पेशीविरहित द्रवात) ठेवून आधी तपासा. टिकली नाही तर लायसिन या अमिनो आम्लाच्या छोट्या साखळ्यांचं आवरण देऊन बघा.