आधी फोकस, मग बल्ब: हेडलाइटचा उजेड वाढवण्याआधी

बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटातलं पावसाळी धुकं आणि सीझनला निपाणी-संकेश्वर पट्ट्यात मागे साधा रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या बघता 'उजेड पुरत नाही' ही तक्रार खोटी नाही. पण दुकानदार सगळ्यात आधी एलईडी बल्बचं खोकं पुढे करतो आणि गडबड तिथेच होते.

एच-फोर प्रकारच्या हॅलोजन बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात: एक लांबच्या उजेडासाठी (अप्पर), दुसरी खाली झुकलेल्या जवळच्या उजेडासाठी (डिपर). डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागाकडे जाणारा उजेड अडवते, म्हणून डिपर समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. एलईडी बल्बमधली चिप बरोबर फिलामेंटच्या जागी बसली नाही, तर एखाद्या मिलिमीटरच्या फरकानेही उजेड वर फेकला जातो. चालवणाऱ्याला वाटतं लख्ख दिसतंय. पण वाढलेला उजेड बहुतेक बोनेटपुढच्या दहा-पंधरा मीटरांतच असतो आणि त्यामुळे लांबचं उलट कमीच दिसतं. सहा हजार केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगाचं माप) वरचा निळसर बल्ब धुक्यात तर आपलेच डोळे दिपवतो.

कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे नंबरप्लेट केए-२२ (बेळगाव) असो की एमएच-०९ (कोल्हापूर), फरक पडत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. कलम १८२-अ (४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून ८ मीटर पुढे, उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपता कामा नये. २०२४ च्या जुलैत कर्नाटक पोलिसांनी अशा दिव्यांविरुद्ध राज्यभर मोहीमही काढली होती.

'१००/९०'चा (अप्पर १००, डिपर ९० वॉट) हॅलोजन हाही उपाय नव्हे. ६०/५५ च्या दोन बल्बना अप्परवर सुमारे १० अँपिअर लागतात, १००/९० ला जवळपास १७. मग कपलर (बल्बच्या मागचा वायरचा प्लग) वितळतो, स्विच जळतो, रिफ्लेक्टरची चकाकी करपते.

मग करायचं काय? पाच-सहा वर्षं जुनी गाडी असेल तर दिव्यावरची प्लॅस्टिकची काच बहुतेक पिवळी पडलेली असते. ८००, १५०० आणि २००० नंबरच्या पॉलिश पेपरने याच क्रमाने पाणी मारत घासा, पॉलिश करा आणि वर यूव्ही क्लिअर कोट मारा. हा कोट टाळला की काही महिन्यांत पुन्हा पिवळेपणा. (टूथपेस्टने आठवडाभर समाधान मिळतं, बस्स.)

इंजिन चालू ठेवून, डिपर लावून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या कपलरवर व्होल्टेज बघा. एक व्होल्टच्या आसपास फरक असेल तर कपलर आणि अर्थिंग साफ करा. तरी फरक राहिला तर जुन्या गाडीला, वायर न कापता बसणारं, १५ अँपिअर फ्यूजचं रिले किट (स्विचऐवजी बॅटरीतून दिव्याला थेट वीज देणारं) लावा. नव्या गाड्यांत दिवे कंट्रोल युनिटवर चालतात; तिथे हात घालू नका. बल्ब ६०/५५ चाच, चांगल्या कंपनीचा घ्या. त्याच्या काचेला उघडी बोटं लावू नका. तेलकट डाग राहिला की तिथे तापून बल्ब लवकर जातो. मागचं रबर कव्हर नीट बसवा, नाहीतर जांबोटी-कणकुंबीच्या पावसात दिव्याच्या आत पाणी साचलंच म्हणून समजा.

आता फोकस, म्हणजे झोताची दिशा. टायरमध्ये हवा बरोबर, चालक सीटवर, लेव्हलिंगचं (झोत वर-खाली करायचं) बटण शून्यावर, जमीन सपाट. भिंतीला गाडी चिकटवून दोन्ही दिव्यांच्या मध्याच्या खुणा टेपने करा, मग सरळ साडेसात मीटर मागे या. डिपरची वरची कड खुणेच्या ७.५ सेंटिमीटर, म्हणजे अंतराच्या एक टक्का, खाली हवी. दिव्याजवळच्या स्टिकरवर एक टक्क्याऐवजी दुसरा आकडा असेल तर त्याप्रमाणे. एकेक दिवा झाकून मागचे स्क्रू फिरवा. ती कड डावीकडे वर चढायला हवी. उजवीकडे चढत असेल तर तो दिवा उजव्या बाजूने गाड्या चालणाऱ्या देशासाठीचा आहे, परत करा.

मागे माणसं आणि डिकीत सामान भरून गोव्याला निघालात तर लेव्हलिंग एक किंवा दोनवर घ्या. सामान उतरलं की पुन्हा शून्यावर आणायला विसरू नका, नाहीतर परतीच्या घाटात उजेड नाकासमोरच पडेल.