घरी घनता काढायची तर मापाचा कप बाजूला ठेवा, वजनकाटा घ्या

घनता म्हणजे वजन भागिले आकारमान, हे शाळेपासून सगळ्यांना पाठ असतं. वजन काट्यावर ठेवलं की कळतं. वस्तू सरळ कडांची असेल, म्हणजे फरशीचा तुकडा किंवा लाकडी ठोकळा, तर लांबी-रुंदी-उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, गुणा, वजनाला त्याने भागा, झालं काम. उत्तर येतं ते एका सीसीत, म्हणजे एका घन सेंटीमीटरमध्ये, किती ग्रॅम असं. पाणी १, ॲल्युमिनियम २.७, पितळ साधारण ८.४ ते ८.७, तांबं ८.९६, चांदी १०.५, शुद्ध सोनं १९.३. कुठल्या तक्त्यात २७०० किलो प्रति घनमीटर असं दिसलं तर हजाराने भागायचं, तेच २.७.

सगळी गंमत वेड्यावाकड्या वस्तूंची आहे. बत्ता, मूर्ती, दगड, बटाटा. आणि इथेच जिकडेतिकडे तोच सल्ला मिळतो की भांडं काठोकाठ भरा, वस्तू टाका, सांडलेलं पाणी मोजा. कृपा करून हे करू नका. पाणी काठाच्या वर फुगून उभं राहतं, मग एकदम जास्तच सांडतं, थोडं भांड्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटून राहतं, आणि जे हाती लागतं ते तुम्ही अशा कपाने मोजता ज्यावर ५० मिलीला एक रेघ आहे. पातळी किती चढली ते बघायचं म्हणाल तर २० सेंटीमीटर रुंद पातेल्यात ८० सीसीची वस्तू टाकली की पाणी जेमतेम अडीच मिलिमीटर वर येतं, ते पट्टीवर काय वाचणार?

आकारमानसुद्धा काट्यानेच मोजायचं. आधी एवढं करून बघा: पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवा आणि बोट पाण्यात बुडवा, ग्लासला कुठेही न टेकता. आकडा वाढतो. पाणी बोटाला वर ढकलतं तेवढंच बोट पाण्याला खाली ढकलतं, आणि तो जोर बरोबर बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका असतो. पाण्याचा एक सीसी एक ग्रॅम, म्हणजे जितके ग्रॅम वाढले तितके सीसी बोट आत गेलं. आर्किमिडीजचंच तत्त्व, फक्त सांडासांडी नाही.

आता वस्तू. समजा भरीव पितळी बत्ता आहे, कोरडा ६८० ग्रॅम. पातेल्यात तो पूर्ण बुडेल एवढं पाणी घ्या, वर जागा राहू द्या, एक थेंबही बाहेर जाता कामा नये. बत्त्याला दोरा बांधा, पण सुती नको, सुती दोरा पाणी पितो, मासे धरायची बारीक तंगूस घ्या. दोरा हातात धरून हे करायच्या भानगडीत पडू नका, हात हलतो आणि आकडा नाचत राहतो, मी याच पायरीवर बरेच दिवस अडकले होते. काट्याच्या दोन्ही बाजूंना दोन उंच डबे ठेवा, वर आडवी पट्टी टाका, दोरा त्या पट्टीला बांधा. पट्टी आणि डबे काट्याला किंवा पातेल्याला कुठेच लागता कामा नयेत, आणि बत्ता तळाला किंवा कडेला टेकला तर सगळं मुसळ केरात, कारण मग काटा बत्त्याचं वजनसुद्धा मोजायला लागतो.

बहुतेक जण सांगतात की काटा शून्यावर आणा आणि मग वस्तू सोडा. मी हे करत नाही आणि तुम्हीही करू नका. बरेच डिजिटल काटे शून्याच्या जवळचा हळूहळू होणारा बदल स्वतःच गिळून टाकतात, तुम्ही वस्तू अलगद सोडत असता आणि काटा शांतपणे शून्य दाखवत बसतो. शिवाय मध्येच काटा आपोआप बंद झाला की शून्य गेलं. पाण्यासकट पातेल्याचा आकडा कागदावर लिहा, समजा १४२०. बत्ता बुडवल्यावरचा लिहा, समजा १५००. फरक ८०, म्हणजे आकारमान ८० सीसी, आणि ६८० भागिले ८० म्हणजे ८.५, पितळ.

वाचन घेण्याआधी बुडबुडे बघा. कोरड्या नक्षीत, खाचांत हवा अडकून बसते आणि ती हवा आकारमानात धरली जाते, मग घनता कमी येते. वस्तू आधी ओली करून चोळा, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, आत सोडल्यावर दोरा थोडा झटका. पाणी कोमट-गार असल्याची काळजी करू नका, ३० अंशाला एका सीसीचे ०.९९६ ग्रॅम भरतात, स्वयंपाकघरातल्या काट्याला तो फरक दिसतच नाही.

काट्याला काय दिसतं हे मात्र विसरायचं नाही. एक ग्रॅमचा काटा ८० सीसीच्या बत्त्याला चालतो, सहा ग्रॅमच्या अंगठीला अजिबात नाही. २२ कॅरेटचं सोनं साधारण १७.७ धरलं तर तिचं आकारमान सीसीचा तिसरा हिस्सा होतं आणि काटा शून्य सांगेल. दागिन्यांसाठी ०.०१ ग्रॅमवाला छोटा काटा आणि छोटा प्लास्टिकचा ग्लास लागतो. तरीही लाख भरलेल्या पाटल्या, पोकळ मणी, खडे बसवलेलं काहीही मोजू नका, आकडा धातूचा येणारच नाही. आणि टंगस्टनची घनता १९.२५, सोन्याला इतकी लागून की आत टंगस्टन घातलेलं नाणं या पद्धतीत पकडलं जात नाही.

तरंगणाऱ्या वस्तूला लोक खाली वजन बांधायला सांगतात, काही गरज नाही. मेणबत्ती बारीक सुईने जेमतेम पाण्याखाली दाबा आणि आकडा बघा, दाबायला जोर किती लावला याने फरक पडत नाही. वजन ४२ आणि वाढ ४६ असेल तर ०.९१.

तुरटी विरघळते, तिला पाण्याऐवजी शेंगदाण्याच्या तेलात सोडा आणि आलेल्या वाढीला तेलाच्या घनतेने भागा. ८६ ग्रॅमचा खडा, वाढ ४५, तेल ०.९१, म्हणजे ४९.५ सीसी, घनता १.७४. वीट, पणती, जांभा हे पाणी पितात, म्हणून कोरडं वजन आधी घ्या, मग रात्रभर भिजवा, पुसा आणि तेव्हा टांगा.

द्रवांसाठी एकच बाटली एकाच खुणेपर्यंत एकदा पाण्याने, एकदा त्या द्रवाने भरून वजन करा, बाटलीचं वजा करा, द्रवाच्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागा. फक्त यावरून गवळ्याशी भांडू नका. दूध १.०३ च्या आसपास असतं, दहा टक्के पाण्याने ते १.०२७ होतं, म्हणजे अर्ध्या लिटरमागे दीड ग्रॅम. साय काढली की उलट दूध जड होतं, त्यामुळे साय काढून पाणी घातलेलं दूध आकड्यात चांगल्या दुधासारखंच दिसू शकतं.

वाळू, तांदूळ यांची घनता मात्र दोन प्रकारची, दाण्याची वेगळी आणि मधल्या हवेसकट ढिगाची वेगळी. व्यवहारात ढिगाचीच लागते. बादली सपाट भरून वजन करा, तीच पाण्याने भरून करा, बादलीचं वजा करा, भागा. कोरडी वाळू १.६ च्या आसपास येते. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, म्हणजे ब्रासला साधारण साडेचार टन. पण दमट वाळू फुगते, कणांभोवती पाण्याचा थर बसतो आणि ते एकमेकांपासून लांब राहतात, २०-२५ टक्के फुगवटा सहज निघतो. बरणीत ती दमट वाळू न दाबता २० सेंटीमीटर भरा, मग पाणी ओतून पूर्ण बुडवा आणि ढवळून बसू द्या. १६ वर आली तर ट्रकमधल्या दर पाच ब्रासमागे खरी वाळू चारच ब्रास आहे.