वाटेवरची जपानी गाणी ऐकायला सुरुवात कशी करायची

जपानी येत नसलं तरी चालेल, आधी फक्त ३ शब्द कानात बसवा: मिची म्हणजे रस्ता, ताबी म्हणजे प्रवास आणि जिनसेई म्हणजे आयुष्य. जुदोमधला 'दो' पण हाच मिची बरं का, अक्षर तेच, उच्चार वेगळा, म्हणून तिथे रस्ता म्हटलं की जगण्याची रीतसुद्धा आलीच.

पहिलं गाणं क्यू साकामोतोचं 'उए ओ मुइते अरुको' घ्या, १९६१ चं. अर्थ साधा, वर बघत चालू या, कारण मान खाली घातली तर डोळ्यातलं पाणी सांडेल! १९६३ ला हे अमेरिकेत नंबर वन झालं, तेही 'सुकियाकी' या नावाने, जे खरं तर गोमांसाच्या एका पदार्थाचं नाव आहे, गाण्याशी काही संबंध नाही. पहिल्यांदा शब्द सोडून द्या, नुसती चाल ऐका, मधे शिट्टी येते तिथे थांबून परत लावा, एकटा माणूस रात्री चालतोय हे त्या शिट्टीतच कळतं. मग हेडफोन लावून सोबत म्हणा, अ-रु-को-ओ असे ४ ठोके धरा, शेवटचा 'ओ' खाऊ नका, नाहीतर लय तुटते.

मग गायिका मिसोरा हिबारीचं 'कावा नो नागारे नो यो नी', म्हणजे नदीच्या प्रवाहासारखं. जानेवारी १९८९ ला आलं आणि जूनमधे त्या गेल्या. नकळत चालत आलेली अरुंद, लांब वाट मागे वळून बघणं, तिथून गाणं सुरू होतं. हे मात्र घाईत ऐकू नका, रात्री निवांत लावा.