बडोद्यात एक मोकळा दिवस: दिवाळीच्या सुट्टीतली तयारी

दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याला एक दिवस हाताशी असेल, तर नकाशा उघडण्याआधी कालनिर्णय उघडा. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे पाडव्याच्या दुपारीही निम्मा बाजार चालू असतो. गुजरातेत पाडवा म्हणजे बेसतुं वरस, नवं वर्ष. लोक एकमेकांना ‘साल मुबारक’ म्हणत घरोघर जातात आणि दुकानं जी बंद होतात, ती बरीचशी थेट लाभपंचमीला मुहूर्त करून उघडतात. फरसाणवाले, थाळीवाले, कापडवाले, सगळ्यांच्या शटरवर पाट्या लागतात. तुमचा मोकळा दिवस या चार दिवसांत पडत असेल तर बाजाराचा बेत मनातून काढून टाका, नाश्त्याचा डबा बरोबर घ्या आणि वास्तू बघा. दिवस हलवता येत असेल तर लाभपंचमीच्या पुढे न्या. कार्तिकी एकादशी गाठता आली तर फारच उत्तम. त्या दिवशी विठ्ठलनाथाचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघते आणि जुन्या गावातले रस्ते माणसांनी भरून जातात. गुजरातच्या मध्यभागी विठोबासाठी एवढी गर्दी लोटलेली बघणं हाच एक सोहळा आहे.

दुसरी खूण सोमवारची. लक्ष्मी विलास पॅलेस आणि त्याच्या आवारातलं महाराजा फत्तेसिंह म्युझियम सोमवारी बंद असतं. सणाच्या दिवसांत वेळा बदलतात, आणि पॅलेस हे आजही राजघराण्याचं राहतं घर असल्यामुळे समारंभ असला की काही भाग बंद ठेवतात. म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारा. इंटरनेटवरच्या वेळेवर विसंबून राहू नका.

आता काय गाळायचं ते. पावागड-चांपानेर गाळा, केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळाही गाळा. दोन्ही बघण्यासारखे आहेत, चांपानेर तर 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण पावागड पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि केवडिया त्याहून बरंच लांब. एका दिवसात तिकडे जाऊन आलं की बडोदं बघायचं राहतं, आणि मराठी माणसाने बडोदं न बघता परत जावं याचं मला खरोखर वाईट वाटतं. मुंबई-दिल्ली मार्गावर किती मराठी माणसं आयुष्यभर या स्टेशनवरून जातात, चहा पितात आणि पुढे निघतात. या गावात पेशव्यांच्या काळापासून आपली माणसं राहतायत. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथे अजून मराठी बोललं जातं, गणपती बसतात, दारात रांगोळीशेजारी तुळस असते.

सामान थोडंच घ्या. सरकारी ओळखपत्र मूळ असू द्या, फोटोकॉपी नको. फत्तेगंजकडचं ईएमई मंदिर लष्कराच्या हद्दीत आहे, तिथे ते लागू शकतं. हे दक्षिणामूर्तीचं मंदिर 1966 साली लष्कराच्या जवानांनी बांधलं आणि त्याच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा आहे. मुक्काम नसेल आणि बॅग स्टेशनवरच्या क्लोकरूममध्ये ठेवायची असेल तर बॅगेला कुलूप हवंच, आणि प्रवासाचं तिकीट हाताशी हवं. सुटे पैसे भरपूर ठेवा, रिक्षासाठी आणि खाऊगाड्यांसाठी. नोव्हेंबरात सकाळी गार असतं पण अकरानंतर ऊन चटका देतं, तेव्हा सुती कपडे आणि पाणी. पायात सहज काढता-घालता येणारं काहीतरी. गुजरातेत दारूबंदी आहे, बॅगेत बाटली आणू नका. आदल्या रात्री फोन पूर्ण चार्ज करा, पण पॅलेसच्या आत फोटो काढू देत नाहीत हेही लक्षात असू द्या.

आणि एक तयारी अशी की जिला पैसे पडत नाहीत. झोपण्यापूर्वी अर्धा तास तिसऱ्या सयाजीरावांविषयी वाचा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा 1875 साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला, आणि 1939 पर्यंत त्याने या संस्थानाचं राज्य केलं. 1906 मध्ये सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सगळ्या राज्यात लागू केलं. 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. एवढं डोक्यात असलं की दिवसभरात समोर येणारी प्रत्येक इमारत बोलायला लागते. नसलं तर सगळेच घुमट सारखे दिसतात.

सकाळी लवकर, उन्हाआधी, कमाटीबाग. कागदोपत्री सयाजीबाग, 1879 साली महाराजांनी गावासाठी केलेली. स्टेशनवरून सयाजीगंजमार्गे चालतही जाता येतं, वाटेत काळा घोडा म्हणून ओळखला जाणारा महाराजांचा अश्वारूढ पुतळा लागतो. बागेतून विश्वामित्री नदी वाहते. पुलावरून बघा, काठावर उतरू नका, मुलांना तर अजिबात नको. त्या पाण्यात मगरी आहेत, खऱ्याखुऱ्या, आणि हिवाळ्यात त्या उन्हाला काठावर येऊन पडतात.

बागेत घाईने फेरी मारू नका, कारण इथे संकल्पभूमी आहे. सयाजीरावांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर 1913 साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले होते. कराराप्रमाणे 1917 च्या सप्टेंबरमध्ये ते नोकरीसाठी बडोद्याला आले. या शहरात त्यांना राहायला कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. त्या दिवशी मुंबईच्या गाडीची वाट पाहत ते याच बागेत झाडाखाली बसून होते, आणि तिथेच त्यांनी अस्पृश्यता संपवण्याचा संकल्प केला. 23 सप्टेंबर 1917 ही तारीख त्या संकल्पाची म्हणून पाळली जाते. ज्या राजाने शिष्यवृत्ती दिली त्याच्याच राजधानीत हे घडलं, ही गोष्ट बडोद्याचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हा प्रत्येकाने मान्य करून बाळगायची आहे. मुलं बरोबर असतील तर तिथेच त्यांना हे सांगा. त्यांना ते कळतं.

बागेतलं बडोदा म्युझियम मोठं आहे. अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती, इजिप्तची ममी, देवमाशाचा अजस्र सांगाडा. पण एका दिवसात दोन म्युझियमं करू नयेत, दोन्हींवर अन्याय होतो. शाळकरी मुलं असतील तर हे घ्या, नाहीतर सरळ रिक्षा करून पॅलेसला जा. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा किंवा मोबाइलवरून बोलवा.

पॅलेसला किमान दीड-दोन तास हवेत. मेजर चार्ल्स मँट याने आराखडा केला, तो 1881 मध्ये वारला, पुढे रॉबर्ट चिझमने काम नेलं आणि 1890 मध्ये वाडा उभा राहिला. दरबार हॉलमध्ये खाली मान घालून फरशी बघा आणि मग मान वर करून रंगीत काचा. आत दिलेलं ध्वनिमुद्रित निवेदन शेवटपर्यंत ऐका, मधली दालनं त्याच्याशिवाय कळत नाहीत. म्युझियमचं तिकीट वेगळं असतं. तेवढ्यासाठी पैसे वाचवू नका, कारण राजा रविवर्म्याची पौराणिक चित्रं तिथे आहेत. शंतनू-मत्स्यगंधा, कंसमाया ही नावं कॅलेंडरवरून आणि आजीच्या देवघरातल्या तसबिरींवरून आपल्याला ठाऊक असतात. मूळ चित्रासमोर उभं राहिलं की मत्स्यगंधेच्या खाली वळलेल्या नजरेतला अवघडलेपणा दिसतो, जरीच्या काठावर रंगाचा जाड ठिपका दिसतो. छापील प्रतीत यातलं काही उतरलेलं नसतं. एका चित्रापुढे दहा मिनिटं थांबलात तरी चालेल, बाकीची राहू देत.

दुपारी भूक लागेल तेव्हा सेव उसळ. ती मिसळीची गुजराती चुलतबहीण समजा. पांढऱ्या वाटाण्याचा पातळ रस्सा, वर जाड शेव, कांद्याची हिरवी पात, आणि लाल तर्री वेगळी. तर्री आपल्या हाताने थोडी-थोडी घाला, पहिल्याच घासाला वाटी रिकामी करू नका. पाव मागाल तितके मिळतात. पोट नाजूक असेल तर दांडिया बाजारात पुरीभाजी शोधा.

जेवणानंतर तांबेकर वाडा. पॅलेस एक वेळ हुकला तरी चालेल, हा हुकवू नका. भाऊ तांबेकर 1849 ते 1854 बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा लाकडी वाडा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, बाहेरून साधा वाटतो, आणि रिक्षावाल्यालाही कधीकधी सापडत नाही, तेव्हा ‘रावपुरा, तांबेकर वाडा’ असं नीट सांगा. वरच्या मजल्यांवर भिंती, खांबांमधल्या पट्ट्या, दारांवरचे फलक, जिथे जागा तिथे चित्रं. कृष्णलीला आहे, महाभारत आहे, मराठे आणि इंग्रजांच्या लढाया आहेत. चित्रांना हात लावू नका, फ्लॅश वापरू नका, बॅग खांद्यावरून पोटाशी घ्या म्हणजे भिंतीला घासणार नाही. आत उजेड कमी असतो, म्हणून ऊन तिरपं व्हायच्या आत पोचा. एकोणिसाव्या शतकातलं मराठी घर, रंगांसकट, असं फार थोड्या ठिकाणी उरलंय.

विश्वामित्रीच्या पुलाजवळच्या कीर्तिमंदिरात, म्हणजे राजघराण्याच्या स्मारकात, नंदलाल बोस यांनी काढलेली भित्तिचित्रं आहेत, गंगावतरण, मीरेचं चरित्र. ते दार नेहमी उघडं नसतं. चौकशी करा, उघडं मिळालं तर बाकी काही सोडून आत जा.

संध्याकाळ जुन्या गावातल्या मांडवीची. लहेरीपुरा दरवाजातून आत शिरा आणि पायीच चाला, तिथे वाहन म्हणजे डोकेदुखी. मांडवीच्या चौथऱ्याभोवती चार दिशांना चार दरवाजे आहेत, लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी, म्हणजे वाट चुकण्याची भीती नाही. 1896 सालचं न्यायमंदिर, म्हणजे जुन्या कोर्टाची इमारत, लहेरीपुरा दरवाजाबाहेरच आहे, समोर सूरसागर तलाव. बायकांच्या खरेदीला इथला कापडबाजार उत्तम, पण त्यासाठी घड्याळ बघून एक तास ठरवून घ्या. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात.

परतीच्या गाडीआधी स्टेशनला निदान पाऊण तास लवकर पोचायचं धरा, सणात स्टेशनरोड तुंबतो. खाऊ शेवटी घ्या. लिलो चिवडो ओलसर असतो, सुक्या चिवड्यासारखा आठवडेच्या आठवडे टिकत नाही, म्हणून तो त्याच संध्याकाळी आणि मोजकाच. लांबच्या माणसांसाठी भाकरवडी घ्या, घरच्या देवासाठी पेढे. पेढ्यांचा डबा बॅगेत आडवा न ठेवता हातात धरा, आणि क्लोकरूमची पावती पाकिटात आहे ना, ते रिक्षात बसल्याबसल्या तपासा.