मतदान केंद्र बदललंय का, आदल्या आठवड्यातच बघा

गेल्या वेळी ज्या शाळेत मत दिलं तिथेच यंदाही जायचं, हे गृहीत धरू नका. केंद्रावरचे मतदार वाढले की मतदार यादीचा भाग (म्हणजे त्या केंद्राची यादी) फोडतात, इमारत धोकादायक ठरली की जागा हलवतात. मतदार ओळखपत्रावरचा दहा अक्षर-अंकांचा क्रमांक तोच राहतो. यादी भाग आणि अनुक्रमांक मात्र बदलतात. म्हणून जुनी मतदार चिठ्ठी उपयोगाची नाही.

निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर ओळखपत्र क्रमांक टाकून शोधा, किंवा १९५० ला फोन करा. केंद्राचा पत्ता, भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि खोली क्रमांक, चारही कागदावर उतरवा. खरा घोळ खोलीचा होतो: एकाच शाळेत चार-पाच खोल्या, प्रत्येकीची यादी वेगळी. चुकीच्या रांगेत तासभर उभं राहून ‘तुमचं नाव शेजारी’ ऐकायला लागतं. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं तपासा. नवरा-बायकोची नावंही कधीकधी दोन भागांत जातात.

महापालिकेला हे सगळं पुन्हा पाहा. तिथे विधानसभेचीच यादी प्रभागांनुसार फोडतात, त्यामुळे केंद्र निराळं असू शकतं. आणि मतदार चिठ्ठी म्हणजे ओळखीचा पुरावा नव्हे, मतदार ओळखपत्र किंवा आयोगाने मान्य केलेलं दुसरं फोटो ओळखपत्र सोबत हवंच.