ग्लेझ बिघडलं? आधी भट्टीची वही काढा

ग्लेझ, म्हणजे मातीच्या भांड्यावरचा काचेसारखा लेप, ओघळलं, गोळा झालं, त्यावर टाचणीएवढी भोकं पडली, की नवीन माणूस थेट रेसिपीला हात घालतो. सिलिका वाढव, फेल्स्पार कमी कर, चिमूटभर झिंक टाकून बघ. साताऱ्यात माझा छोटा स्टुडिओ आहे, तीन फेजवरची इलेक्ट्रिक भट्टी आहे, आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशीच दम देते: रेसिपीची वही कपाटात ठेवा, प्रत्येक भाजणीची नोंद असलेली भट्टीची वही बाहेर काढा. भट्टीची वही नसेल तर आजपासून घाला.

चाक, बिस्क (ग्लेझआधीची पहिली भाजणी), डिपिंग (भांडं ग्लेझमधे बुडवणं) एवढं तुम्हाला जमतंय असं धरून पुढचं लिहिते.

मला सगळ्यात जास्त ज्याने नाचवलं तो भट्टीच्या कंट्रोलरवरचा तापमानाचा लाल आकडा. माती तीच, ग्लेझ तेच, शेवटचा आकडा १२२२ अंश सेल्सिअस तोच. भर पावसाळ्यात कप सुरेख निघायचे. रब्बीला पाणी सुरू झालं की त्याच ग्लेझचे कप शेल्फला चिकटून बसायचे, छिन्नी-हातोडी घेऊन सोडवावे लागायचे. संशय फेल्स्पारवर, मग पुरवठादारावर, मग पाण्यावर. दोष यांपैकी कशातच नव्हता. शेतीपंप चालू झाले की आमच्या भागात लाइट डीम होते, आणि भट्टी त्या डीम लाइटवर चालत होती.

हे नीट समजून घ्या, इथेच सगळे फसतात. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० चे २०० व्होल्ट झाले तर ताकद साधारण पाऊणच उरते. १००० पर्यंत भट्टी कशीबशी चढते. शेवटचे शंभर अंश मात्र रांगत जाते, आणि कंट्रोलर तिच्यासाठी थांबून राहतो. ग्लेझला नुसतं तापमान कळत नाही, त्या तापमानात किती वेळ काढला तेही कळतं. कोन म्हणजे ठरावीक उष्णता मिळाली की वाकणारा मातीचा छोटा सुळका. ऑर्टन कंपनीचा ६ नंबरचा कोन शेवटच्या टप्प्यात ताशी ६० अंशांनी चढवलात तर १२२२ ला वाकतो, ताशी १५० ने चढवलात तर १२४३ लागतात. रांगत चढवलात तर १२२२ च्या बऱ्याच आधी वाकतो. म्हणजे आकडा १२२२ दिसेपर्यंत आतलं ग्लेझ कधीच ६ नंबर ओलांडून गेलेलं असतं. कॉइल जुन्या झाल्या तरी हेच होतं. थर्मोकपल, म्हणजे भट्टीतलं तापमान मोजणारा दांडा, के टाइपचा असेल तर वारंवार १२०० च्या वर जाऊन त्याचा आकडाही सरकतो. तो बदलायची वस्तू आहे, भट्टीबरोबर जन्मभर पुरत नाही.

म्हणून प्रत्येक शेल्फवर ५, ६, ७ नंबरचे तीन कोन, मातीच्या गोळ्यात जरा तिरके खोचून. ५ आडवा, ६ चं टोक खाली टेकलेलं, ७ जेमतेम मान झुकवलेला, म्हणजे फायरिंग बरोबर. कोन महाग पडतात, मान्य. पण एक अख्खं शेल्फ भरून कप वाया जातात ते काय फुकट असतात? भट्टीच्या वहीत एक रकाना हवाच: १००० पासून शेवटपर्यंत किती तास लागले. हा आकडा फुगायला लागला की वायरमनला बोलवा आणि भट्टी पूर्ण लोडवर असताना व्होल्टेज मोजून घ्या. थंड भट्टीचं माप घेऊन काही कळत नाही. तिन्ही फेज वेगवेगळे मोजायला लावा. एक फेज गेला असेल तर एखादं शेल्फ कच्चं निघतं आणि आपण रंगाच्या ऑक्साइडला शिव्या देत बसतो. कॉइलला हात लावायचा तर मेन स्विच बंद करूनच.

घाबरू नका, बाकीचे दोष एवढे आतल्या गाठीचे नसतात. ग्लेझ गोळा होऊन मधे उघडी माती दिसली तर बहुतेक वेळा धूळ किंवा तेलकट हात. डोक्याला तेल लावून आलेली मुलगी केस सारते आणि त्याच हाताने बिस्क उचलते, हे मी दर बॅचला बघते. ओल्या स्पंजने पुसा, वाळू द्या, मग बुडवा. वाळलेल्या ग्लेझवर भेगा दिसल्या तर थर जाड आहे. बोटाने घासून बुजवा किंवा धुऊन परत लावा. पिनहोल, म्हणजे ती टाचणीएवढी भोकं, असतील तर बिस्क घाईत झालंय का ते बघा. ७०० ते ९०० मधे सावकाश जाऊ द्या, आतलं जळायचं ते तिथे जळून जाऊ दे. तरी राहिले तर टोक गाठल्यावर पन्नासेक अंश खाली आणून अर्धा तास धरून ठेवा.

क्रेझिंग, म्हणजे भाजलेल्या ग्लेझला पडणाऱ्या बारीक भेगा, मात्र मनाला लागतं. भट्टीतून काढलेला कप ओट्यावर टिण टिण वाजत राहतो, आणि चार दिवस चहा प्यायला की आत तपकिरी जाळी उमटते. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं, म्हणून हे होतं. इथे खरंच रेसिपीला हात लावावा लागतो: सिलिका वाढवा, थर पातळ ठेवा. भट्टी हळू थंड केली की क्रेझिंग जातं असं सांगणारे भेटतील. जात नाही, फक्त उशिरा दिसतं.

आपल्याकडच्या मातीबद्दलही दोन शब्द. कृष्णाकाठची माती स्वस्त आहे, जवळ आहे, म्हणून ती स्टोनवेअरच्या, म्हणजे वर सांगितलेल्या १२०० च्या पुढच्या, तापमानाला नेऊ नका, मऊ होऊन खाली बसते. आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, मग तो हवेतली ओल पिऊन फुगतो. आठवड्याने फुलदाणीचा नाण्याएवढा टवका उडतो, आणि खळग्याच्या मधोमध पांढरा ठिपका असतो. गिऱ्हाइकाच्या घरी उडाला तर फोन तुम्हालाच येतो. माती पातळ कालवून ८० मेशच्या (इंचाला ८० भोकांच्या) चाळणीतून काढा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय शोधत बसू नका.

गुरू कसा बघायचा? रेसिपी देत नाही त्याच्याकडे जायला हरकत नाही, पण फसलेली भांडी दाखवत नाही त्याच्याकडे जाऊ नका. दोन दिवसांच्या वर्कशॉपमधे ग्लेझ शिकवतो म्हणणाऱ्याला विचारा, भट्टी उघडताना आम्ही असणार का? सांगलीकडच्या एका कुंभार आबांकडे मी जायची. ग्लेझशी त्यांचा काही संबंध नाही, आव्यात मडकी भाजतात. माझ्या भट्टीचा फोटो बघून म्हणाले, "पोरी, त्या डब्यातल्या आकड्याकडं काय बघत बसलीयास? भांडं काय म्हणतंय ते बघ की." नंतर मडक्यावर टिचकी मारून कच्चं-पक्कं ओळखायला त्यांनीच शिकवलं. एवढं फुकट ज्ञान पैसे देऊन मिळालं नव्हतं.

पहिल्या वर्षी निम्मी भांडी फेकाल. सगळेच फेकतात. फेकण्याआधी प्रत्येकाच्या तळाला तारीख, शेल्फ आणि कोनची अवस्था मार्करने लिहा, निदान तीन-चार फायरिंगची भांडी एका क्रेटमधे जपून ठेवा. आणि २०० च्या वर झाकण उघडू नका. डोकावायचं नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही. त्या गार वाऱ्याने तडा गेलेलं भांडं पुन्हा कितीही भाजलंत तरी सांधत नाही.